पाणी निवळेपर्यंत



'निवळणे' हे आपल्या भाषेतील एक फार सोयीचे क्रियापद आहे. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळते, आभाळ निवळते, दोन घरांतला तंटा निवळतो आणि माणसाचा रागही निवळतो. माझ्या लहानपणी चांदूर रेल्वेच्या आमच्या घरी आषाढ लागला की विहिरीचे पाणी काळ्या मातीचा रंग घेऊनच वर येई. आई ते हंड्यात ओतून तुरटीचा खडा चार-दोन वेळा फिरवी आणि आम्हा भावंडांना बजावी, "आता कोणी हात लावायचा नाही." आम्हाला धीर नसे. गाळ बसला का, हे पाहण्यासाठी कोणीतरी बोट घाली आणि पाणी पुन्हा ढवळले जाई. ज्या घरगुती वस्तूविषयी आज लिहीत आहे, तिचे सारे मर्म त्या हंड्यात आहे.

आधी एक कबुली देते. मी बत्तीस वर्षे बालवाडीत शिकवले. दुसऱ्यांच्या लेकरांवर कधी हात उगारला नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. तो अभिमान गेल्या तान्ह्या पोळ्याला गळून पडला.

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. लाकडी नंदीला झूल घालून, बाशिंग बांधून मुले घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. त्या दिवशी माझा साडेचार वर्षांचा नातू दुपारपासून सजून बसला होता. मुलगा आणि सून दोघेही गाडीने अमरावतीला नोकरीवर गेलेले. संध्याकाळपर्यंत नातू माझ्या स्वाधीन. मुले गल्लीत जमली आणि नेमके त्याच वेळी त्याच्या नंदीचे एक चाक निखळले. त्याने अंगणात लोळण घेतली, झूल ओरबाडली, तुळशीजवळची घागर लाथेने पालथी केली. आधी मी समजावले, नंतर दटावले. शेजारच्या बाया दारात येऊन पाहू लागल्या, आणि माझा हात उठला.

तो एका क्षणात गप्प झाला. पाहणाऱ्यांना वाटले असेल, आजीने बरे वठणीवर आणले. त्याचे डोळे मात्र मी पाहिले. तो शांत झाला नव्हता. तो घाबरला होता. गाळ तळाशी बसलाच नव्हता, मी केवळ हंड्यावर झाकण ठेवले होते. त्या रात्री तो माझ्याजवळ झोपायला आला नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेच चित्र असेल. मुले-सुना नोकरीवर, नातवंडे आपल्या पदरात, आणि आपले गुडघे, रक्तदाब व अपुरी झोप आपल्या सोबतीला. अशा वेळी लेकराचा आक्रोश सहन होत नाही आणि मग 'पोलीस येईल', 'बागुलबुवा नेईल', 'तुला सोडून आम्ही गावाला जाऊ' अशी वाक्ये आपोआप तोंडातून बाहेर पडतात. तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण लहान मुलाचा आकांत म्हणजे हट्टीपणा, हा आपला जुना समज एकदा तपासून पाहू या.

लेकराच्या मेंदूत काय घडते

मेंदूच्या आतील भागात बदामाच्या आकाराची एक छोटी रचना असते. भय, संताप, धोका यांची घंटा ती वाजवते आणि ती जन्मापासून काम करू लागते. त्या घंटेला आवर घालणारा, 'थांब, विचार कर' असे सांगणारा भाग कपाळामागे असतो. तो फार सावकाश वाढतो; त्याची घडण पुरी होण्यास वयाची विशी ओलांडावी लागते. चार वर्षांच्या मुलाची घंटा म्हणजे पूर्ण ताकदीची आणि ती थांबवणारा हात अजून दुबळा, अशी ही स्थिती. दीड ते चार या वयात असे उद्रेक बहुतेक मुलांना होतात आणि बरेचसे काही मिनिटांत ओसरतात. भूक, अपुरी झोप, वऱ्हाडातला उन्हाळा, घरातला पाहुण्यांचा गजबजाट यांनी ते वाढतात.

त्या काही मिनिटांत मुलाला उपदेश ऐकू येत नाही. त्याला हवा असतो बाहेरून मिळणारा आधार, म्हणजे जवळ बसलेले शांत माणूस. मूल आपला श्वास, आपला स्वर, आपला चेहरा पाहून स्वतःला सावरते. अशा असंख्य प्रसंगांतून पुढे ते एकट्याने सावरायला शिकते. म्हणून त्या क्षणी मोठ्या माणसाने ढवळणे थांबवणे, हाच पहिला उपचार होय.

पण 'थांबा' म्हणून कोणी थांबत नाही. हाताला आणि डोळ्यांना काहीतरी काम लागते. ते काम देणारी वस्तू म्हणजे ही निवळण्याची बाटली. पाण्यात चमकी सोडलेली पारदर्शक बाटली हलवायची आणि चमकी तळाशी बसेपर्यंत तिच्याकडे पाहत राहायचे, एवढेच तिचे स्वरूप. परदेशांतील अनेक बालशाळांत अशा बाटल्या वापरतात.

कल्पना नवी वाटली तरी तिचा गाभा जुना आहे. व्हिएतनामचे बौद्ध भिक्खू तिक न्यात हान्ह यांनी फ्रान्समधील आपल्या निवासातली एक आठवण लिहून ठेवली आहे. पाच वर्षांचीही नसलेल्या एका मुलीला त्यांनी सफरचंदाचा घरगुती रस दिला. तिच्या वाट्याला तळचा, गढूळ रस आला म्हणून तिने तो नाकारला आणि ती खेळायला गेली. तहान लागल्यावर परत येऊन पाहते तो पेला स्वच्छ निवळलेला. पेला काही न करता नुसता स्थिर राहिला म्हणून निवळला, हे त्या मुलीला कळले; आणि ध्यान म्हणजे काय, हे सांगायला भिक्खूंना तोच दाखला पुरला.

आपल्याकडेही ही दृष्टी होतीच. बालशिक्षणाच्या क्षेत्रातील थोर नाव असलेल्या ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीतच राहत होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कामात गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, खेड्यापाड्यांतील व आदिवासी वस्तीतील मुलांसाठी काम केले. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. म्हणून शंख, शिंपले, खडे, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून त्यांनी साधने घडवली. त्या परंपरेत 'शांतीचा खेळ'ही असे. सर्व मुले डोळे मिटून निश्चल बसत आणि दूरचे आवाज ऐकत. शांतता ही दटावून लादायची शिस्त आहे, असे त्यांनी मानले नाही. ती मुलाला आवडू शकते, असे त्यांनी मानले. आपली बाटलीही त्याच विश्वासावर उभी आहे.

साहित्य

अर्ध्या लिटरची जाड, पारदर्शक प्लास्टिकची बाटली (काचेची मुळीच नको). उकळून कोमट केलेले पाणी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पारदर्शक पातळ गोंद अर्धी ते पाऊण वाटी, किंवा औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन तेवढेच. दोन चहाचे चमचे चमकी, रांगोळीवर टाकतात ती चालेल. खाण्याच्या रंगाचा एक थेंब. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब. झाकण पक्के बसवण्यासाठी घट्ट चिकटणारा गोंद आणि रुंद चिकटपट्टी.

कृती

बाटली धुऊन, तिच्यावरचा कागद सोलून कोरडी करावी. अर्ध्यापर्यंत कोमट पाणी भरून त्यात पातळ गोंद ओतावा आणि झाकण लावून हलवावे. वर्तमानपत्राच्या कागदाचे नरसाळे करून त्यातून चमकी सोडावी. चमकी पृष्ठभागावर गोळा होऊन तरंगू लागली तर साबणाचा थेंब टाकावा. मग ती पाण्यात मिसळते. रंगाचा थेंब टाकून गळ्याखाली दोन बोटे जागा सोडून पाणी भरावे. ती मोकळी जागा राहिली नाही तर बाटली नीट हलत नाही.

आता चाचणी घ्यावी. बाटली हलवून चमकी बसायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. दोन ते तीन मिनिटे योग्य. लवकर बसत असेल तर थोडा गोंद किंवा ग्लिसरीन वाढवावे; फारच रेंगाळत असेल तर पाणी वाढवावे. मनासारखे झाले की झाकणाच्या आट्यांना घट्ट चिकटणारा गोंद लावून ते फिरवून बंद करावे आणि वरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्यावेत. रात्रभर बाटली कागदावर उलटी ठेवावी. सकाळी कागद कोरडा असेल तरच ती मुलाच्या हाती द्यावी.

रवा, साबुदाणा, हळद असे खाद्यपदार्थ आत घालण्याचा मोह टाळावा, ते कुजतात. मोठे मणी किंवा बटणे नकोत, कारण बाटली फुटलीच तर ती लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. तीन वर्षांखालील मुलाला बाटली एकट्याने देऊ नये. रंगीत पाणी सरबतासारखे दिसते. घरात दृष्टी अधू झालेले किंवा विस्मरणाचा आजार असलेले वृद्ध असतील तर बाटलीवर ठळक कागदी पट्टी लावावी आणि ती स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. पाणी ढगाळ झाले किंवा वास आला तर बाटली बाद करावी. चमकी बारीक प्लास्टिकची असते, म्हणून ती मोरीत ओतू नये. जुन्या फडक्यातून गाळून फडके कचऱ्यात टाकावे.

ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांनी रुंद तोंडाची बाटली निवडावी आणि झाकण बसवण्याचे काम घरातील तरुणाकडे द्यावे. उरलेली सारी कृती मात्र मुलासोबत करावी. चमकी कोणत्या रंगाची घ्यायची, हे त्यालाच ठरवू द्यावे. स्वतः केलेल्या वस्तूवर त्याचा अधिक विश्वास बसतो.

वापरायची कशी

माझी पहिली चूक येथेच झाली. बाटली तयार केली आणि पुढच्याच रडण्याच्या वेळी नातवाच्या हातात दिली. त्याने ती भिंतीवर भिरकावली. प्लास्टिकची होती म्हणून निभावले. नंतर ध्यानात आले की पूर आल्यावर पोहायला शिकवता येत नाही. ओळख शांत वेळी व्हायला हवी.

मग आम्ही रोज संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून झाला की, बाटली घेऊन बसू लागलो. मी आई आणि हंड्याची गोष्ट सांगितली. "राग आला, रडू आलं, भीती वाटली की आपल्या आतलं पाणी असं गढूळ होतं," असे म्हणून बाटली हलवली, आणि चमकी बसेपर्यंत दोघे पाहत राहिलो. पाहताना नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा तोंडाने सावकाश सोडायचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब असावा. आठ-दहा दिवसांत त्याला तो खेळ पाठ झाला.

प्रत्यक्ष आकांताच्या वेळी पुढील क्रम मला उपयोगी पडला.

पहिले, सुरक्षितता. मूल डोके आपटत असेल तर मध्ये उशी किंवा आपला हात ठेवावा. तापलेला तवा, जिना, धारदार वस्तू यांपासून त्याला दूर घ्यावे.

दुसरे, जवळीक. त्याच्या उंचीवर यावे. खाली बसणे गुडघ्यांना झेपत नसेल तर खुर्ची जवळ ओढून बसावे. मुलाला जवळ यायचे नसेल तर आग्रह धरू नये. आपण फक्त उठून जाऊ नये.

तिसरे, एकच वाक्य. "नंदी मोडला म्हणून वाईट वाटलं." बस. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रौढांवर केलेल्या अभ्यासात भावनेला शब्द दिला की मेंदूतील त्या घंटेची हालचाल कमी होते, असे आढळले. मुलाजवळ तो शब्द नसतो. तो आपण पुरवायचा.

चौथे, बाटली. ती आपण हलवून आपल्यासमोर ठेवावी आणि स्वतः पाहत श्वास घ्यावा. मुलाला घ्यावीशी वाटली तर घेईल. 'जा, बाटली घेऊन कोपऱ्यात बस' असे म्हटले की ती शिक्षा झाली आणि तिचा गुण संपला.

पाचवे, बोलणे. पाणी निवळल्यावरच चाकाचे काय करायचे ते ठरवावे, आणि पसरलेली घागर दोघांनी मिळून उचलून ठेवावी. राग येण्यास मोकळीक आहे. मारण्यास, फोडण्यास नाही, हे तेव्हा सांगितलेले टिकते. मागितलेली वस्तू रडण्यामुळे हाती देऊ नये, पण रडले म्हणून माया काढूनही घेऊ नये.

ही बाटली म्हणजे औषध नव्हे. कित्येकदा तिचा काही उपयोग होत नाही, आणि भुकेल्या मुलाला तर आधी भाकरीच हवी. पण ती दोन-तीन मिनिटे देते. तेवढ्या वेळात आपला हात खाली येतो, हे तिचे मोठे देणे.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

रडता रडता मूल श्वास रोखून निळे पडत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर पहिल्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकदा हा प्रकार घातक नसतो, परंतु त्यामागे अंगातील लोहाची कमतरता असू शकते आणि ती तपासून भरून काढता येते. मूल वारंवार स्वतःला किंवा इतरांना इजा करीत असेल, उद्रेक नेहमीच अर्ध्या तासाच्या आसपास चालत असतील, पाच वर्षांनंतरही ते कमी न होता वाढत असतील, दोन वर्षांचे होऊनही ते दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर 'मोठं झालं की होईल बरं' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करतात. आपल्या अंगणवाडी सेविकेला त्याविषयी विचारावे.

आणि तुमचे स्वतःचे काय? सांभाळणाऱ्याचे पाणी दिवसभर ढवळत असेल, झोप उडाली असेल, लेकरावर वारंवार हात उठत असेल, तर तेही दुखणेच समजावे. शासनाची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मुलगा-सुनेलाही स्पष्ट सांगावे की, आठवड्यातून एक दिवस मला विसावा हवा. ते सांगण्यात कमीपणा नाही.

तान्ह्या पोळ्यानंतर आठवड्याने मी नातवाची क्षमा मागितली. आपल्या पिढीला हे जड जाते. लहानांपुढे मोठ्यांनी नमायचे कसे, असे वाटते. मी म्हटले, "त्या दिवशी आजीनं मारलं, ते चुकलं." तो बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिला आणि मग आपल्या वऱ्हाडी बोलीत विचारता झाला, "आजी, तुयं पानी बी गढूळ झालं होतं काय?"

"हो रे बापू," मी म्हटले.

त्याने बाटली माझ्या हातात दिली. चमकी बसेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्या रात्री तो आपली उशी घेऊन माझ्याजवळ आला.

नंदीचे चाक सुताराकडून बसवून आणले आहे. यंदाचा पोळा जवळ आला आहे, आणि पुन्हा काही मोडणार नाही अशी हमी कोणी द्यावी? बाटली मात्र कोनाड्यात, दोघांच्याही हाताला येईल अशा उंचीवर ठेवली आहे. तुम्हीही एखाद्या निवांत दुपारी नातवंडाला शेजारी बसवून अशी बाटली करा, आणि पहिल्यांदा ती स्वतःसाठी हलवून पाहा.